दाजींचं पाण्यातलं रान

दाजी कोचरेकरांनी आयुष्यात नवी वस्तू विकत घेतलेली मी कधी पाहिली नाही, आणि त्यांनी आणलेली जुनी वस्तू धड झालेलीही पाहिली नाही. अपवाद एका काचेच्या टाकीचा. ती मात्र झाली, आणि अशी झाली की न होती तर बरं, असं म्हणायची पाळी खुद्द दाजींवर आली.

मी लग्न होऊन मालवणच्या अलीकडच्या आमच्या वाडीत आले, तेव्हा त्यांच्या आणि आमच्या अंगणात जांभ्या दगडांचा एक पडका गडगा तेवढा होता. दाजी मुंबईला गोदीत क्लार्क होते. साहेब लोक गेले, कामाची शिस्त गेली, म्हणून नोकरीवर लाथ मारली, असं ते सांगत. निरोपाच्या दिवशी गोदीतल्या लोकांनी गळ्यात हार घातला आणि हार घालताना सगळे हसत होते, हेही तेच सांगत. त्यांना ते प्रेम वाटलं होतं.

उंच, हडकुळा देह, अंगात गंजीफ्रॉक, खाली खाकी अर्धी चड्डी आणि डोक्यावर साहेबाची टोपी. आमच्याकडे त्या वयाचा पुरुष पंचा नेसतो. चड्डीत हिंडणारे दाजी पंचक्रोशीत एकटेच. ते पाणंदीतून येताना दिसले की माझ्या सासूबाई पदर पुढे ओढायच्या. मला वाटायचं मान देतायत. नंतर कळलं, पदराआड हसायच्या.

त्यांची पडवी म्हणजे मुंबईचा उकिरडा बोटीने आणून मांडलेला. कर्णा नसलेला ग्रामोफोन, एका डोळ्याची दुर्बीण, न्हाव्याची फिरती खुर्ची. "टाकाव कायच नसता गो," ते मला सांगत, "टाकणारोच टाकाव असता." भिंतीवर हवा दाखवणारं एक पितळी यंत्र होतं. त्याचा काटा 'वादळ' या शब्दावर कायमचा अडकलेला. दाजी रोज सकाळी यंत्राला टिचकी मारत, काटा बघत आणि किनाऱ्यावर जाऊन होडीवाल्यांना बजावत, "आज जाव नको!" लोक रोज जात आणि रोज परत येत. एके वर्षी दिवाळीच्या तोंडावर खरंच वादळ झालं. मग पुढे वर्षभर दाजींना तोंड दाखवायची सोय उरली नाही कुणाला. "मी सांगी होतंय," एवढंच ते म्हणत, पण रोज म्हणत.

दुरुस्तीचं काम दाजी स्वतः करत नसत. ते न्हाव्याच्या खुर्चीत बसून, खुर्ची हवी तिकडे फिरवत, दुसऱ्याला सांगत. दुसरा म्हणजे बहुतेक वेळा त्यांची बायको, भामावहिनी. बुटक्या, काळ्यासावळ्या, मनगटाने बळकट बाई. माहेर विजयदुर्गचं, किल्ल्याच्या पायथ्याशी. घरात दोघंच. वहिनींना दागिन्यांचा सोस नव्हता, नाटकाचा नव्हता, कुणाच्या घरच्या भानगडीचाही नव्हता. त्यांचा जीव एकाच गोष्टीत. मासा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की टोपली घेऊन जायच्या, आणि बांगड्याचा गाल दाबून तो कधी जाळ्यात आला ते सांगायच्या. जेवताना बोलायच्या नाहीत. डोकं खाली, काटे एका बाजूला ओळीने. "ह्यां जेवान झाला की माका वाटता, दिवस बरो गेलो," असं मला एकदा म्हणाल्या होत्या.

तर अशा घरात ती टाकी आली.

मुंबईच्या बोटीतून होडीत, होडीतून बंदरावर आणि बंदरावरून बैलगाडीने, गवतात आणि गोणपाटात गुंडाळून. दाजी टोपी हातात घेऊन गाडीच्या बाजूने चालत आले, बाळंतिणीला माहेरी आणावं तसे. आम्ही सगळे गोळा झालो. गोणपाट सोडलं तर आत लोखंडाची गंजून फुगलेली चौकट, तळाला काळ्या फरशीचा दगड, आणि काचांवर पांढऱ्या क्षाराचे असे थर की पलीकडचं माणूस दिसेना. एक काच कोपऱ्यात तडकलेली. कुठल्याशा क्लबात साहेब लोक असताना तिच्यात मासे होते, साहेब गेल्यावर माळ्याने तिच्यात शेणखत भरून ठेवलं होतं. वास अजून येत होता.

"हेच्यात मासे ठेवतलास?" आमच्याकडच्या माणसाला सुचेल तो प्रश्न कुणीतरी विचारला. "कितके दिवस? खराब नाय होवचे?"

"मासे नाय रे," दाजी म्हणाले. "झाडां. पान्यातलां रान."

आणि मग खुर्चीत न बसता, उभ्या उभ्याच, त्यांनी सांगितलं. एकदा कागद घेऊन ते एका साहेबाच्या बंगल्यावर गेले होते. दिवाणखान्यात अशी टाकी होती. आत पाणी आहे हे कळतही नव्हतं, नुसतं हिरवं. लांब फितींसारखी पानं, एकीकडे झुकलेली, मधून उजेड खाली झिरपत होता, आणि नखाएवढे मासे झाडांमधून चिमण्यांसारखे फिरत होते. साहेब आत जेवत होता. दाजी तिथे उभे राहिले ते कागद द्यायचंच विसरले. "माका वाटलां, आपण हय जल्माक येवक व्हया होतां," ते म्हणाले. हा माणूस एरवी बोलायला लागला की मी भाजी निवडायला घ्यायची. त्या दिवशी घेतली नाही. पण असल्या वेळीही वाडीतले लोक कसे ते बघा. पलीकडून आवाज आला, "शेवाळ व्हया तर आमच्या बावीत आसा. काढून व्हरा, पुण्य लागात."

दुसऱ्या दिवसापासून वहिनींची फरपट सुरू झाली. काचांवरचा क्षार निघेना. दाजींनी खुर्चीतून पुष्कळ उपाय सांगितले. शेवटी वहिनींनी देवाची भांडी घासतात तशी आमसुलं भिजवून काचेला चोळली आणि वर राख. बोटं सोलवटली. काच मात्र अशी निघाली की कावळा येऊन आपटला. दाजींनी साऱ्या वाडीला बोलावून दाखवलं, "बघा, कशी काढलंय!"

मग चौकट. गंज खरवडून झाल्यावर लोखंडाला शेंदूर आणि अळशीचं तेल कालवून लावायचं, म्हणजे पाणी लोखंडाला खात नाही, हे दाजींनी गोदीत बोटींच्या रंगाऱ्यांकडून ऐकलं होतं. बरोबरच होतं ते. पण दाजी हात सैल सोडणाऱ्यातले. त्यांनी चौकट रंगवली, तळाचा दगड दोन्ही बाजूंनी रंगवला, आणि तो भला मोठा शेंदरी दगड वाळायला म्हणून पाणंदीच्या कडेला, वडाच्या मुळाशी, उगवतीकडे तोंड करून उभा ठेवला. आता वडाखाली उगवतीकडे तोंड केलेला शेंदरी दगड म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. दाजींना कळलं नाही. ते गोदीत शिकलेले.

सकाळी तुळसाक्का मासे विकायला निघाली, तिने टोपली खाली ठेवून नमस्कार केला आणि एक जास्वंद वाहिली. त्या दिवशी तिचे मासे बाजारात पोचायच्या आधीच खपले. परत येताना तिने नारळ ठेवला. झालं! संध्याकाळपर्यंत तिथे उदबत्त्या होत्या, हळदकुंकू होतं आणि एका म्हातारीला दगडात डोळे दिसले होते. दुसऱ्या दिवशी दाजी दगड उचलायला गेले तर बायका आडव्या आल्या.

"माझ्या टाकयेचो तळ आसा तो!" दाजी ओरडले.

"असात," तुळसाक्का म्हणाली, "काल होतो. आज देव आसा."

दाजींनी इंग्रजी पेपरातलं विज्ञान सांगितलं. कुणी ऐकेना. गुरवाला बोलावलं. गुरव दगडाभोवती एकदा फिरला, नारळ किती जमलेत त्यावर नजर टाकली आणि म्हणाला, "कौल लावूक व्हयो." गावदेवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं याच्यावर चालतं. काचेच्या टाकीचा तळ देवाकडून सोडवून आणायची वेळ मात्र पहिलीच.

देऊळ भरलं होतं. गुरवाने हात जोडून खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान न जाणता पाषाणाक शेंदूर लायलो, ती चूक पदरात घी!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"आनि तेचो दगड तेका घराक व्हरूक दी!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा कमी आवाजात.

मग गुरव दाजींकडे वळला. "दाजी, देवाकडसून घेतास, तर देवाक कायतरी सोडूक व्हयां." ही रीतच आहे. मागणारा आपल्या तोंडचं काहीतरी सोडतो. आमच्याकडचा शहाणा माणूस अशा वेळी कारलं सोडतो. फार तर तपकीर. पण दाजींच्या पुढे भरलेलं देऊळ होतं, आणि भरलेलं देऊळ बघितल्यावर कारल्याचं नाव घेणारे ते दाजी नव्हेत. टोपी काखेत मारून ते म्हणाले, "मासो सोडतंय! टाकयेत रान पुरां होय तवसर मासो तोंडाक लावचंय नाय!"

देवळातल्या माना एकदम दाजींकडे वळल्या. मालवणच्या किनाऱ्यावरचा माणूस, आणि मासा सोडतो! पाकळी उजवी पडली, आणि अशी पटकन पडली की देवालाही तो दगड नकोसा झाला असावा. लोक दाजींच्या पाया पडायला पुढे गेले. मी बायकांच्या घोळक्यात भामावहिनींच्या शेजारी होते. त्या हात जोडून उभ्या होत्या. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

कारण चूल एकच होती. नवऱ्याचं व्रत चाललेलं असताना बायकोने बाजूला बसून कालवण ओरपावं, हे वहिनींच्या मनालाच पटणारं नव्हतं. पटलं असतं तरी गावाने पटू दिलं नसतं. देवळातून आल्यावर त्यांनी पहिलं काय केलं? सुक्या बांगड्यांचं मडकं आणि गोलम्याची, म्हणजे बारीक सुक्या कोलंबीची, बरणी उचलून आमच्या सासूबाईंच्या हवाली केली. "वासान जीव जाता," म्हणाल्या. "रान झालां की परत घेतलंय. जास्त दिवस नाय लागाचे."

व्रत दाजींचं आणि उपास वहिनींचा, असा तो संसार सुरू झाला.

टाकी जोडायला खडूची पूड, शेंदूर आणि अळशीचं तेल मळून काचा बसवायची लांबी केली. ती मळली वहिनींनी, पोळ्यांच्या परातीत. वहिनींना घाई होती, दाजींना नव्हती. काचा बसल्या, पाणी भरलं, आणि दोन घटका सगळे टाळ्या वाजवत असताना खालच्या कोपऱ्यातून धार लागली. पडवीत तळं. पुन्हा सगळं सोडवलं, पुन्हा मळलं. ऐन वैशाखात टाकी गळायची थांबली. म्हणजे जेव्हा विहिरीला पाणी नाही तेव्हा ती भरायची पाळी आली. वहिनी खालच्या वाडीतून घागरी आणत, दाजी खुर्चीतून सांगत, "हळू ओत. आवाज नको."

मग वाळू. समुद्र समोर असताना वाळू दुसरीकडून आणणारा माणूस आमच्याकडे वेडा ठरेल. दाजींनी समुद्राची वाळू घातली, शिंपल्यांच्या चुऱ्यासकट. पाऊस लागल्यावर व्हाळातून, म्हणजे डोंगरातून येणाऱ्या ओढ्यातून, वहिनींनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून झाडं आणली. ती महिनाभरात पिवळी पडून कुजली. दाजींनी दोष वहिनींना दिला, वाळू नीट धुतली नाही म्हणून. मग एके सकाळी उठून त्यांनी जाहीर केलं की खाऱ्याची वाळू गोड्याच्या झाडांना चालत नाही, हा शोध आपल्याला लागलेला आहे. पुन्हा सगळं बाहेर. खाली जांभ्याची तांबडी माती, वर व्हाळातली वाळू. या खेपेला पाणीच हिरवं झालं, डबक्याला शेवाळ धरावं तसं. पहिला पावसाळा गेला.

त्या दिवसांत वहिनी आमच्या गडग्याशी यायच्या. आत बांगडा तळत असला की थोडा वेळ नुसत्या उभ्या राहायच्या. "आज काय गो?" विचारायच्या. मी एकदा वाटी झाकून नेली. हात पुढे आला होता त्यांचा, मागे गेला. "नको. ते घासपूस खातत, आनि मी ह्यां खाऊ? घशाखाली उतराचां नाय." डोळ्यांत पाणी होतं. मला त्या बाईचा राग आला, खरं सांगते. इतकं चांगलं असू नये माणसाने.

आणि एक दिवस पाणी निवळलं. कसं कोण जाणे, दाजींनाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी पुष्कळ कारणं सांगितली. पानं तरारली. खिडकीतून येणारं ऊन टाकीत उतरायचं आणि फितींसारखी लांब पानं सगळी एका अंगाला कलायची. शेताच्या पाण्यातले डोक्यावर चमकती टिकली असलेले बारीक मासे दाजींनी सोडले, ते त्या हिरव्यातून फिरायला लागले. शाळेत शिकवून येताना मी बघून यायची. मी कुचकट बाई आहे, पण जे आहे ते आहे. सुंदर होतं ते. खरंच एक रान उभं होतं त्या पडवीत.

वहिनींनी पदराला हात पुसत विचारलं, "झालां मा?"

दाजींनी मान वाकडी करून बघितलं. "अजून नाय. उजवीकडसून विरळ दिसता."

महिन्याने उजवीकडे भरलं. तर मागची पानं फार उंच झाली. ती कापली. तर पुढे मोकळं वाटायला लागलं. "रान म्हणजे काय अळवाचो वाफो नाय गो," दाजी म्हणायचे. दुसरा पावसाळाही गेला.

मला आधी वाटलं, कलावंताचं असमाधान असेल. असेल थोडं. पण दाजींचं मधल्या काळात दुसरंच काही फळफळलं होतं. जन्मभर ज्यांना लोक हसले ते आता व्रतस्थ दाजी झाले होते. देवळातल्या बैठकीत मानकऱ्यांच्या रांगेत त्यांना जागा मिळाली. भांडणं मिटवायला बोलावणी येऊ लागली. लग्नाच्या पंगतीत वाढपी कालवण घेऊन आला की दाजी पानावर हात आडवा धरत आणि तिसऱ्या पंक्तीला ऐकू जाईल असं म्हणत, "माका नको रे बाबा. माझां व्रत आसा." लोक माना डोलवत. शेजारी वहिनी वरणभात कालवत बसलेल्या असत, त्यांच्याकडे कुणी बघत नसे. रान पुरं झालं असतं तर दाजी पुन्हा चड्डीतले दाजी झाले असते. मग कशाला पुरं होतंय?

आणि आठवड्यातून एकदा ते मालवणला जात. टाकीचं सामान आणायला. कसलं सामान लागतं एवढं, हे विचारायचं वहिनींना सुचलं नाही.

एके संध्याकाळी वहिनींनी गडग्यावरून केळी मागत हाक मारली. मी केळी घेऊन धावले. दाजी मालवणहून आले होते ते न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकून, तोंड उघडं, डोळे बाहेर. घशात काहीतरी अडकलं होतं. सुक्या भाताचे गोळे गिळवून झाले होते. केळं दिलं. उतरेना.

"काय अडाकलां?" वहिनींनी विचारलं.

"शेंग," दाजी कसेबसे घोगरले. "शेवग्याची. वाखो."

मी कंदील धरला. वहिनींनी एका हाताने त्यांचा जबडा दाबला, दुसऱ्या हाताची दोन बोटं आत घातली, आणि ज्या सफाईने त्या बांगड्याचा कल्ला काढायच्या त्या सफाईने ते बाहेर काढलं. उजेडापुढे धरलं. बारीक, वाकडा, चकाकणारा काटा.

मालवणी माणसाच्या घशात काटा अडकणं हीच मुळात नामुष्की. पण दोन वर्षांत रोजची सवय मोडलेली, आणि चोरून, भराभरा, दाराकडे बघत खाल्लेलं. दुसरं काय होणार!

वहिनी विजयदुर्गच्या. कुठल्या माशाचा काटा ते ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "पेडव्याचो," त्या म्हणाल्या. एवढंच. दाजींनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता आभाळ कोसळेल. वहिनींनी हात धुतले, कंदील माझ्याकडून घेतला आणि मला म्हणाल्या, "जा गो, उशीर झालो. सासूबाय वाट बघतली."

सकाळी रापण लागली तेव्हा वहिनी सगळ्यांच्या पुढे होत्या. बांगडे आणले. वाटण वाटलं, तिरफळं ठेचून घातली. दोन पावसाळ्यांनी त्या घरातून तो वास आला आणि अख्खी वाडी नाक वर करून उभी राहिली. दाजींना वाटलं, माफी झाली. पाट घेऊन बसले. वहिनींनी त्यांच्यापुढे वरणभात वाढला, वालीची भाजी वाढली, आणि स्वतः समोर बांगड्याचं पान घेऊन बसल्या.

"ह्यां काय?" दाजी.

"तुमचां व्रत आसा."

"आनि तू?"

"मी खंय घेतलंय?"

गाव बोलायला आलंच. बायको असून नवऱ्याच्या व्रतात मासे खाते म्हणजे काय! वहिनी शांतपणे म्हणाल्या, "हेंका इचारा." सगळ्यांनी दाजींकडे बघितलं. दाजींनी वहिनींकडे बघितलं. आणि घसा खाकरून म्हणाले, "मीच सांगलंय तिका. बाईलमाणसाक कित्याक जाच?" लोकांना भरून आलं. मोठ्या मनाचे व्रतस्थ म्हणून दाजींचा मान आणखी वाढला.

त्याच दुपारी दाजींनी टाकीपुढे उभं राहून जाहीर केलं की रान पुरं झालं. आता पान इकडचं तिकडे करायला नको. पण व्रत सोडवायचं ते देवळात, नारळ देऊन, आणि जोडप्याने. एकट्या पुरुषाचा नारळ गुरव घेत नाही.

"उद्या जाव या," दाजी म्हणाले.

"उद्या माका वेळ नाय," वहिनी म्हणाल्या.

परवा मसाला कुटायचा होता. पुढच्या आठवड्यात झावळ्या विणायच्या होत्या. त्यानंतर भात झोडायचं. त्यांनी कधीही नाही म्हटलं नाही. जाऊ या की, म्हणायच्या, जरा सवड होऊ दे. दाजी मालवणला निघाले की मात्र सवड असायची. पदर खोचून बरोबर निघायच्या, बाजारभर दोन पावलं मागे राहायच्या आणि त्यांना तसंच परत आणायच्या. खानावळीवरून जाताना दाजी मान सरळ ठेवून चालायचे.

गोवा मोकळा झाला त्या सुमारास माझ्या यजमानांची बदली रत्नागिरीला झाली. निघायच्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला गेले. दाजी पडवीत टाकीपुढे पाट मांडून जेवत होते. स्वयंपाकघरात बसवत नाही, म्हणाले, वास येतो. टाकी काय दिसत होती म्हणून सांगू! झाडं काठोकाठ आली होती, एक नाजूक पांढरं फूल दांड्यावर तरंगून पाण्याबाहेर डोकावत होतं, आणि दाजींनी हात हलवला की मासे काचेशी जमत होते. असं रान त्या साहेबाकडेही नसेल. पण दाजी त्याच्याकडे बघत नव्हते, आतल्या दाराकडे बघत होते.

"तू शिकलेली बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "तुझां ऐकतली. सांग गो तिका. माझी काय आता हौस उरली नाय, मान नको, काय नको. एकदा देवळात येवंदे."

चड्डी ढिली झाली होती त्यांची. मला कीव आली, नाही असं नाही.

मी आत गेले. वहिनी तव्यावर बांगडे उलटत होत्या. मी म्हटलं, "वयनी, पुरां करा आता. ते म्हातारे झाले."

त्यांनी शेवटचा बांगडा उलटला. मग तव्याकडे बघतच म्हणाल्या, "दोन पावसाळे माका मासो नाय मिळालो, तेचो माका राग नाय गो. तो मी गिळलंय. पण हे मालवणात पोटभर जेवान येयत, रात्री हय पाटार बसत, आनि म्हणीत, 'भामा, आज भाजी बरी झाली हा.' माका वाटलां, हेंका पण माझ्यासारखोच मासो आठवता, पण माझां मन राखूक म्हणतत. मी खूश होय गो! दुसऱ्या दिवशी मुद्दाम तीच भाजी करी." उलथनं त्यांनी तव्यावर ठेवलं. "माझ्या मासयेचां मी सोडलंय. पण त्या भाजयेचां कसां सोडू, तां तू सांग."

मी आल्या पावली दाराकडे वळले. इतकी वर्षं शाळेत शिकवून.

बाहेर आले तर दाजी पाटावरून अर्धवट उठले होते. "काय म्हणाली?"

मी त्यांच्या पानाकडे बघितलं. "वयनी इचारतत, भाजी बरी झाली हा मा?"

दाजींनी पानाकडे बघितलं. मग हळूहळू खाली बसले. त्यांना कळलं होतं, सगळं कळलं होतं. मी चपला घातल्या आणि अंगणात उतरले. बैलगाडीत बसताना एकदा मागे वळून पाहिलं. दाजी टाकीकडे पाठ करून, मान खाली घालून, घास घास गिळत होते, आणि वहिनी पातेलं घेऊन बाहेर आल्या होत्या व त्यांच्या पानात आणखी भाजी वाढत होत्या.